घरी सांगायची भीती

“पापा को भेजूँ क्या?” माझ्या भाच्याला आलेल्या धमक्यांमध्ये हे वाक्य पुन्हापुन्हा होतं. शिव्या होत्या, कुठल्याशा बनावट पोलिसाचं नाव होतं, फोटो व्हायरल करण्याची भाषा होती. पण लेकरू हादरलं ते या एका वाक्याने.

भाचा नववीत आहे. भाऊ हिमायतनगरजवळ कापूस-सोयाबीन करतो, मी गावात शिकवण्या घेते. मोबाइलवरच्या गेममध्ये त्याची एका मुलीशी ओळख झाली. निदान प्रोफाइलवर फोटो मुलीचा होता. गेममधून गप्पा चॅटवर गेल्या, चॅटवरून व्हिडिओ कॉलवर. समोर आधीच रेकॉर्ड केलेली क्लिप चालू होती आणि तिकडे याचा चेहरा, याचं उघडं अंग रेकॉर्ड होत होतं. कॉल संपताच स्क्रीनशॉट आला. सोबत याच्या फ्रेंडलिस्टमधली नावं: चुलता, मामा, वर्गातली पोरं. मग पैशांची मागणी. वडिलांचा यूपीआय पिन त्याला ठाऊक होता, कारण “रिचार्ज मार रे” म्हणून भाऊच फोन त्याच्या हातात द्यायचा. त्याने हजार रुपये पाठवले. दुसऱ्या दिवशी मागणी पाच हजारांवर गेली.

हे मला कळलं ते एका संध्याकाळी शिकवणी सुटल्यावर तो घुटमळत राहिला म्हणून. “काय करायलास रे, घरी जाईनास का?” असं विचारलं, तर म्हणाला, “आत्या, बाबाला सांगणार नाहीस ना?” मी म्हटलं, “सांगावं लागेल. पण मी तुझ्यासोबत येईन आणि तुला कोणी हात लावणार नाही. आधी मला दाखव.” असा प्रसंग तुमच्यावर आला, तर गुप्ततेचं वचन देऊ नका. ते पाळता येत नाही, आणि मोडलं की लेकरू पुन्हा तोंड उघडत नाही. सोबत राहण्याचं वचन द्या. ते पाळता येतं.

तो इतके दिवस गप्प का राहिला, याचं उत्तर आमच्या घरातच होतं. “मोबाइलमध्ये काही भानगड केलीस तर फोन फोडीन, शाळा बंद करून शेतात घालीन,” हे वाक्य आपल्या भागातल्या किती घरांत बोललं जातं! बोलणाऱ्याच्या मनात काळजीच असते. पण धमकी देणारा याच काळजीवर धंदा करतो. त्याने आमचं घर पाहिलेलं नाही; मूल घरी सांगणार नाही, एवढं मात्र त्याला पक्कं ठाऊक असतं.

ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबईत राज्य पोलिसांच्या सायबर जागृती महिन्याच्या कार्यक्रमात अभिनेता अक्षय कुमारने स्वतःच्या घरातली गोष्ट सांगितली. त्याची मुलगी ऑनलाइन गेम खेळत होती. समोरच्या अनोळखी खेळाडूने आधी गोड बोलून घेतलं, मग तू मुलगा की मुलगी असं विचारलं, आणि मुलगी म्हटल्यावर नग्न फोटो मागितला. तिने गेम बंद केला आणि जाऊन आईला सांगितलं. सातवी ते दहावीच्या वर्गांना दर आठवड्याला सायबरचा एक तास हवा, अशी मागणी त्याने मुख्यमंत्र्यांसमोर केली. मागणी योग्यच आहे. मला मात्र त्या गोष्टीत सगळ्यात मोलाचं वाटलं ते त्या मुलीचं सरळ आईकडे जाणं. तेवढा विश्वास तिच्या घरात आधीपासून होता.

आपल्या परमेश्वर मंदिराच्या महाशिवरात्रीच्या यात्रेत लेकराला नेताना आपण त्याला सांगतो, हात सुटला तर अमुक ठिकाणी थांब, माइकवर नाव पुकारायला सांग. हरवलास तर मारीन, असं म्हटलं तर ते लेकरू गर्दीत लपून बसेल. फोन हातात देतानाही तसंच सांगायला हवं: कोणी कपडे काढायला सांगितलं, फोटो मागितला, भेटायला बोलावलं, “घरी सांगू नको” म्हटलं, की माझ्याकडे ये. तुझ्याकडून काही चुकलेलं असलं तरी ये. हे एकदा बोलून भागत नाही. जेवताना, रानात जाताना, मधूनमधून बोलत राहावं लागतं.

आता प्रसंग आलाच तर काय करायचं. पैसे पाठवू नका. एकदा मिळाले की मागणी वाढतेच. रागाच्या भरात चॅट पुसू नका, कारण पुरावा तोच असतो. धमक्यांचे, नंबरांचे, यूपीआय आयडीचे स्क्रीनशॉट काढा. प्रोफाइलचं नाव बदलता येतं, म्हणून त्याची लिंक कॉपी करून ठेवा. मगच ब्लॉक करा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला फोन लावा आणि व्यवहाराचा क्रमांक हाताशी ठेवा. पैसे पुढच्या खात्यांत पांगण्याआधी तक्रार पोचली, तर ते अडवता येऊ शकतात. आमचे तेवढे दिवस हातातून गेले होते. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवर मुलांच्या अश्लील चित्रफितींची तक्रार नाव न देताही करता येते. मुलांसाठीची १०९८ ही हेल्पलाइन वेगळी.

मुलाचा फोटो खरंच कुठे पसरण्याची भीती असेल, तर ‘टेक इट डाऊन’ नावाची मोफत सेवा आहे. फोटो फोनमधून बाहेर जात नाही. त्याची फक्त एक सांकेतिक खूण तयार होते, आणि सेवेत सहभागी कंपन्या तिच्यावरून आपापल्या ठिकाणी तो फोटो शोधून काढून टाकू शकतात. आणि तो फोटो ‘बघा काय झालंय’ म्हणून नात्यातल्या कोणाला पाठवू नका. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ ब खाली मुलांचं असं चित्र पुढे पाठवणं हाही गुन्हाच आहे, पाठवणारा काका असला तरी.

भाऊ सगळ्यात अडला तो “पोलिसांत गेलो तर गावभर होईल” यावर. म्हणून २०१२ चा पॉक्सो कायदा काय म्हणतो, हे प्रत्येक पालकाला ठाऊक असावं. तो मुलींइतकाच मुलांनाही लागू आहे. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला हव्या त्या ठिकाणी घ्यायचा, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, आणि गणवेश न घालता. मुलाला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही. त्याची ओळख छापता येत नाही. फोटो खोटा असला, कोणीतरी एआयने चेहरा चिकटवून बनवलेला असला, तरी लैंगिक हेतूने त्याची धमकी देणं या कायद्यात बसतं. हे वाचून दाखवल्यावर भाऊ उठला आणि आम्ही तिघं तक्रार द्यायला गेलो. हजार रुपये परत आले नाहीत. धमक्या मात्र थांबल्या.

फोनमध्येही थोडी कामं केली. अकाउंट प्रायव्हेट, फ्रेंडलिस्ट बंद, गेममधली अनोळखी लोकांशी व्हॉइस चॅट बंद, यूपीआय पिन नवा आणि फक्त भावाकडे. हे अर्ध्या तासाचं काम आहे आणि ते मुलासोबत बसूनच करावं.

पैनगंगा ओलांडून उमरखेडच्या पुढे गेलं की पुसद. त्या तालुक्यातल्या बान्सी गावाने नोव्हेंबर २०२२ मध्ये ग्रामसभेत अठरा वर्षांखालच्या मुलांना मोबाइलबंदीचा ठराव केला. त्या गावकऱ्यांची तळमळ मला कळते, पण ठराव पटत नाही. फोन चोरून वापरणाऱ्या मुलाला धमकी आली, तर त्याला लपवायला आणखी एक कारण मिळतं. त्याच वर्षी सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने वेगळी रीत पाडली. संध्याकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजतो आणि दीड तास घराघरांत टीव्ही-मोबाइल बंद होतात, मोठ्यांचेसुद्धा. हे मला जास्त आवडतं. त्या दीड तासात बोलायला आई-बाप मोकळे असतात.

मुलींबद्दल मात्र मन घट्ट करून बोलायला हवं. मुलाच्या बाबतीत फोन जातो, मुलीच्या बाबतीत कॉलेज जातं, आणि आपल्याकडे त्यानंतर स्थळं बघायला सुरुवात होते. धमकी देणाऱ्यापुढे ती मुलाहून कितीतरी जास्त एकटी असते. म्हणून मी शिकवणीतल्या मुलींच्या आयांना सांगते की “काही झालं तरी तुझं शिक्षण थांबणार नाही,” हे वाक्य मुलीला वडिलांच्या तोंडून ऐकू द्या, काहीही घडण्याच्या आधी. आईने म्हटलेलं पुरत नाही, कारण शाळा बंद करण्याचा निर्णय कोण घेतं हे मुलीला माहीत असतं. भावाला भाच्याखाली दोन मुली आहेत. मुलाला तो हे म्हणाला. मुलींना अजून म्हणालेला नाही, आणि तो म्हणेपर्यंत मी त्याच्या मागे लागणार आहे.