मॅक्रोने क्रेटचा हिशेब कसा चुकवला?

प्रश्न : संत्र्यांच्या क्रेटचा हिशेब सी भाषेत करतो. ‘एकूण(अ, ब)’ या मॅक्रोत ‘अ + ब’ लिहिलं. 10 आणि 5 क्रेट, दर 400 रुपये. एकूण(10, 5) ला 400 ने गुणलं, तर 6,000 ऐवजी 2,010 आले! – एक वाचक, मोहगाव (सौंसर)

उत्तर : मॅक्रो म्हणजे फंक्शन नव्हे. प्रीप्रोसेसर कंपायलरच्या आधी धावतो आणि मजकुराच्या जागी नुसता मजकूर चिकटवतो. तुमची ओळ 10 + 5 * 400 अशी झाली. गुणाकार आधी झाला. प्रत्येक घटकाला कंस द्या, अख्ख्या मॅक्रोलाही द्या.

पण कंसांनी सगळं भागत नाही. दोघांतला मोठा आकडा देणाऱ्या मॅक्रोला ‘क्ष++’ दिलंत, तर क्ष दोनदा वाढू शकतो. असा दोष शोधण्यात रात्र जाते, कारण ओळ वाचताना चूक दिसतच नाही. म्हणून माझा आग्रह, इथे इनलाइन फंक्शन लिहा. सीच्या 1999 च्या मानकापासून ते उपलब्ध आहे. पूर्णांक स्थिरांकांसाठी ईनम पुरे. मॅक्रो ठेवायचाच असेल तर नाव कॅपिटल अक्षरांत.

शंका आली की जीसीसीला कॅपिटल ‘-ई’ पर्याय द्या. विस्तारलेला मजकूर समोर येतो, त्यात तुमची बिनकंसाची ओळ लगेच दिसेल.