धातूच्या पत्र्यावरील छपाई : शाई टिकते कशी?

भिवंडीतील टेमघर हे नाव ठाणे जिल्ह्यात शुद्ध पाण्याशी निगडित आहे. शहाड येथे उल्हास नदीतून उचललेले पाणी टेमघरच्या केंद्रात शुद्ध होऊन ठाणे, भिवंडी व मीरा-भाईंदर या शहरांना पुरविले जाते. नदीचे पाणी पिण्यायोग्य झाले, तरी त्यात विरघळलेले क्षार राहतातच. आरोग्यास निरुपद्रवी असलेले हे क्षार पत्र्यावरील छपाईला मात्र बाधक ठरतात. धुतलेल्या पत्र्यावर ते सुकून राहिले, तर कोकणातील दमट हवेत त्यांवरील लेपाला फोड येतात. यास्तव अखेरची धुलाई क्षारविरहित पाण्याने करणे इष्ट होय.

ऑफसेट छपाईचा आरंभच मुळी पत्र्यावर झाला. इंग्लंडमध्ये रॉबर्ट बार्कले यांनी १८७५ साली त्याचे एकस्व मिळविले. कागद शाई शोषून घेतो. पत्रा शोषत नाही. म्हणून शाईची सारी पकड पृष्ठभागावरच अवलंबून असते. तेलाचा अत्यंत पातळ थरही शाईला पत्र्यापासून दूर ठेवतो. डबा दाबताना वा फलक वाकविताना रंगाचे पापुद्रे निघतात, तेथे गंज चढतो आणि तयार माल परत येतो. लहान उद्योजकाला हा तोटा सोसवत नाही.

पत्रा स्वच्छ झाला की नाही, हे ओळखण्याची रीत सोपी आहे. धुतलेला पत्रा उभा धरावा. पाण्याचा पडदा सुमारे अर्धा मिनिट अखंड राहिल्यास तेलकटपणा गेला असे समजावे. पाणी थेंबाथेंबांत फुटल्यास पुन्हा धुवावे. साबणाचा अंश राहिला असल्यास ही कसोटी फसवी ठरते. स्वच्छ पत्र्याला उघड्या हाताने स्पर्श करू नये.

पुढील प्रक्रिया धातूनुसार बदलते. साध्या पोलादी पत्र्यावर फॉस्फेटचा थर दिल्यास लेपाला पकड मिळते व गंजास आळा बसतो. कथिलाचा मुलामा असलेल्या पत्र्यावर प्रथम योग्य अस्तर-लेप द्यावा. कथिल २३२ अंश सेल्सिअसला वितळते. भट्टीचे तापमान त्याहून पुरेसे कमी राखावे. अस्तर कमी भाजले तर मऊ राहते. अति भाजले तर त्यावर पुढील थर धरत नाही.

छपाईनंतर नमुन्याची परीक्षा आवश्यक आहे. साठ मायक्रॉनपर्यंतच्या लेपावर एक मिलिमीटर अंतराने सहा उभ्या व सहा आडव्या रेघा धारदार पात्याने धातूपर्यंत ओढाव्यात. पंचवीस चौकोन तयार होतात. त्यांवर चिकटपट्टी दाबून ओढल्यास किती रंग निघतो, यावरून पकड कळते.

धुलाईचे तेलकट व रसायनयुक्त पाणी प्रक्रिया केल्यावाचून नाल्यात सोडू नये. भिवंडीजवळून वाहणारी कामवारी काय, किंवा उल्हास काय, नदी निर्मळ राखणे हे उद्योगाचेही कर्तव्य आहे. छपाईचे यश यंत्रावर पत्रा चढण्यापूर्वीच, धुलाईच्या हौदापाशी ठरत असते.