साठीनंतर गाण्याचा क्लास?

प्रश्न : वय ६८, विठ्ठलवाडीत राहते. यजमान गेल्यापासून दिवस सरत नाही. सून म्हणते, गाण्याच्या क्लासला जा. या वयात काय उपयोग?

उत्तर : ताई, जरूर जा. डॉ. जीन कोहेन यांनी वॉशिंग्टनमधल्या सरासरी ८० वर्षांच्या ज्येष्ठांच्या समूहगानाचा अभ्यास केला. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, वर्षभरानंतर गाणाऱ्यांच्या डॉक्टरकडच्या फेऱ्या, औषधे आणि एकटेपणा इतरांपेक्षा कमी होता. गाताना श्वासावर ताबा येतो, चाल पाठ करताना स्मरणशक्तीला काम मिळते, शिवाय नव्या ओळखी होतात. क्लास शक्यतो घराजवळचा, तळमजल्यावरचा पाहा. कल्याणला जायचेच तर स्टेशन एकच, पण दुपारची बॅच घ्या. लोकलची गर्दी टळेल. दम लागत असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.