पेपर दे, पण आधी विचारून घे

बाई, बारावीनंतर सुटलेलं शिक्षण नोकरी सांभाळून पुरं करायचं मनावर घेतलंस, मामाला फार बरं वाटलं. वाळूजला शिफ्ट करून, घरचं बघून रोज कॉलेजात जाऊन बसणं तुला जमायचं नाही, आणि त्याची गरजही नाही. घरी वाचायचं, पेपर द्यायचे आणि पदवीपर्यंत जायचं, अशी सरकारमान्य वाट आपल्याकडे आहे. फौजेतून सुटून आल्यापासून छावणीतल्या कितीतरी पोरापोरींचे फॉर्म मी शेजारी बसून भरून घेतलेत. त्यात एक गोष्ट सतत दिसली. या वाटेवर माणसं अभ्यासात कमी आणि कागदात जास्त अडकतात.

म्हणून सुरुवात शेवटाकडून कर. हा कागद तुला कुठे दाखवायचा आहे? कंपनीत बढतीसाठी, एमपीएससीला, की पुढे बी.एड. करायला? जिथे दाखवायचा तिथली जाहिरात काढ आणि पात्रतेची ओळ नीट वाच. मग विद्यापीठ ठरव, मग विषय, आणि सगळ्यात शेवटी पेपर. पुष्कळ पोरं याच्या उलट करतात. मोबाइलवर दिसला तो कोर्स करतात, परीक्षा देतात, प्रमाणपत्र फ्रेम करतात आणि मग विचारत फिरतात की हे कुठे चालेल. श्रेयांक, म्हणजे तुम्ही पोरं ज्याला क्रेडिट म्हणता ते, पेपर पास झाल्यावर मिळतं खरं. पण ते मोजून घेणारं विद्यापीठ असेल तरच त्याला किंमत.

अमेरिकेतल्या दोन वर्षांच्या असोसिएट डिग्रीबद्दल तू विचारलंस. तिकडे कॉलेज बोर्डाच्या ‘क्लेप’ नावाच्या परीक्षा 1967 पासून आहेत. विषय येतो हे पेपर देऊन सिद्ध करायचं, कॉलेजनं मान्य केलं की तेवढे श्रेयांक जमा. न्यू जर्सीत 1972 साली नोकरदार, मोठ्या वयाच्या माणसांसाठी थॉमस एडिसन यांच्या नावाची संस्थाच निघाली, तिथे अशा परीक्षांवर बरीचशी पदवी उभी राहते. आपल्याकडे हुबेहूब तसं नाही. फौजेत मात्र त्याच्या जवळ जाणारी एक गोष्ट झाली होती. इग्नू या मुक्त विद्यापीठाने 2009 मध्ये लष्करासोबत ‘ग्यानदीप’ योजना आणली. जवानानं नोकरीत घेतलेलं प्रशिक्षण मोजून त्याला असोसिएट डिग्री मिळे. कल्पना मला फार पटली होती. ज्याच्या हाताला काम येतं त्याचं शिक्षण शून्य धरायचं, हे कधीच बरोबर नव्हतं.

आता नव्या शैक्षणिक धोरणात पदवीच्या दोन वर्षांनंतर बाहेर पडलं तर पदविका मिळते. त्यासाठी किमान 80 श्रेयांक आणि वर चार श्रेयांकांचा एखादा कौशल्याचा अभ्यासक्रम लागतो. अडचण आली तर थांबायची ही सोय चांगली आहे, पण तिला पदवी समजू नकोस. जाहिरातीत ‘पदवीधर’ लिहिलं असेल तिथे दोन वर्षांची पदविका चालत नाही. तुझ्या शेजारचे माजी सैनिक सांगतील, पंधरा वर्षं नोकरी झाली की फौजी पदवीधर धरला जातो. ते दहावी झालेल्या माजी सैनिकाला गट क च्या काही जागांसाठी दिलेली सवलत आहे. तिच्यावर एम.ए.ला प्रवेश मिळत नाही. हा फरक न कळल्यामुळे चांगली चांगली माणसं खिडकीवरून परत आलेली मी पाहिली आहेत.

तुझ्यासाठी सरळ मार्ग मुक्त विद्यापीठाचा. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ 1989 मध्ये नाशिकला सुरू झालं ते तुझ्यासारख्यांसाठीच. त्याचं विभागीय केंद्र आपल्या छावणीजवळ नंदनवन कॉलनीत आहे. मराठीतून शिकता येतं, मराठीतून पेपर लिहिता येतो. तुझा हात मराठीत चालतो, तेव्हा उगाच इंग्रजी माध्यमाच्या मागे लागू नकोस. दुसरं इग्नू. तिथे जून आणि डिसेंबर अशा वर्षातून दोनदा सत्रांत परीक्षा होतात. कंपनीत कामाचा जोर कधी असतो हे बघून पेपर दोन्हीकडे वाटून टाकता येतात. तीन वर्षांची पदवी सहा वर्षांपर्यंत पुरी करायची मुभा असते. पण इग्नूत 30 टक्के गुण स्वाध्यायाचे आणि 70 टक्के परीक्षेचे, आणि दोन्हीत वेगवेगळं पास व्हावं लागतं. पेपर उत्तम गेला आणि स्वाध्याय द्यायचा राहिला, तर निकाल अपूर्णच राहतो. शिवाय परीक्षेचा फॉर्म वेगळा भरावा लागतो. प्रवेश घेतला म्हणजे परीक्षेला नाव आलं, असं होत नाही.

या दोन्ही विद्यापीठांच्या पदव्या नेहमीच्या कॉलेजच्या पदवीच्या बरोबरीच्या आहेत, हे यूजीसीनं 2022 मध्ये पुन्हा स्पष्ट केलं आहे. कुणी हिणवलं तर मनाला लावून घेऊ नकोस. मात्र ज्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेशील त्याला यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाची त्या वर्षाची मान्यता आहे ना, ते विभागाच्या संकेतस्थळावर स्वतः बघ. एजंटच्या तोंडी शब्दावर जाऊ नकोस. ‘घरबसल्या, बिनपरीक्षेची, मागच्या तारखेची डिग्री’ म्हणणारा भेटला की तिथून उठायचं. आणि मूळ गुणपत्रिका कुणाकडेही ठेवायला द्यायची नाही, ओळखीच्याकडेसुद्धा नाही.

‘स्वयं’ या सरकारी संकेतस्थळावरचे कोर्स फुकट आहेत आणि शिकवणारी माणसं मोठी आहेत, जरूर कर. पण 2021 च्या नियमानुसार विद्यापीठ एका सत्रातल्या जास्तीत जास्त 40 टक्के अभ्यासक्रमांपर्यंतच ते मोजू शकतं. सगळी पदवी त्यावर होत नाही. आणि कोर्स सुरू होण्याआधीच अभ्यासकेंद्राकडून लेखी विचारून घे: हा कोर्स, याचे इतके श्रेयांक, माझ्या कोणत्या विषयाच्या जागी धरणार? उत्तर ईमेलवर आलं तर छापून फाइलला लाव. व्हिडिओ फुकट असले तरी परीक्षेला फी असते आणि तिची नोंदणी ठरावीक तारखेत वेगळी करावी लागते. ‘स्वयं’वरच्याच एनपीटीईएलच्या कोर्समध्ये स्वाध्यायाला 25 आणि परीक्षेला 75 गुण. बारा आठवड्यांच्या कोर्सचे तीन श्रेयांक, आठचे दोन. आठवड्याचा स्वाध्याय बुडाला तर नंतर भरता येत नाही, म्हणून सुटीच्या दिवशी सकाळी आधी तेच काम.

आता कागदाचं. आपल्या बोर्डाच्या दहावीच्या प्रमाणपत्रावर आधी आडनाव, मग तुझं नाव, मग वडिलांचं नाव. आधारवर नाव आधी, आडनाव शेवटी. त्यात तुझं लग्न झालं, आधारवर सासरचं आडनाव चढलं, आणि बारावीच्या गुणपत्रिकेवर माहेरचं राहिलं. श्रेयांक जमा होतात ती अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स डिजिलॉकरला जोडलेली आहे आणि डिजिलॉकर आधारला. मुक्त शिक्षणाच्या प्रवेशासाठी आता यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाचा डेब आयडी लागतो, तोही याच खात्यावरून निघतो. नावात एक अक्षर इकडचं तिकडे असलं की पुढे महिने जातात. तेव्हा प्रवेशाच्या आधीच दोन्ही कागद शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून बघ. फरक असेल तर लग्नाचं प्रमाणपत्र आणि लागलं तर राजपत्रातली नोंद तयार ठेव. शैक्षणिक कागदांवरचं नाव आहे तेच चालवणं पुष्कळदा सोपं पडतं.

तुझा धाकटा दीर दहावीला राहिलाय, त्यालाही सांग. एनआयओएस या मुक्त शाळेत मान्यताप्राप्त बोर्डाच्या जास्तीत जास्त दोन पास झालेल्या विषयांचे गुण वर्ग करून मिळतात, उरलेलेच विषय द्यायचे. पाच वर्षांत नऊ संधी असतात. मागणीनुसार परीक्षेची सोयही आहे, तयारी झाली की तेवढाच विषय द्यायचा. नाहीतर राज्य मंडळाकडे पुनर्परीक्षार्थी म्हणून पुन्हा बसता येतंच.

अभ्यासाबद्दल थोडंच सांगतो. पहिल्या खेपेला सगळे पेपर अंगावर घेऊ नकोस. ज्यात तुझं डोकं आपसूक चालतं असे दोन-तीन घे. पास झाल्याचा कागद हाती आला की घरचेही साथ देतात. बारावीनंतर तू पेननं सलग तीन तास लिहिलेलं नाहीस, मोबाइलच्या सवयीनं बोटं आखडतात. वाचन कितीही असलं तरी शेवटचे दोन प्रश्न राहून जातात ते त्यामुळे. जुनी प्रश्नपत्रिका समोर ठेव, घड्याळ लाव, पूर्ण पेपर हातानं लिही, आठवड्यातून एकदा तरी. रात्रपाळीच्या आठवड्यात नवीन धडा घेऊ नकोस, झालेलंच परत वाच. परीक्षेचं वेळापत्रक लागलं त्याच दिवशी सुपरवायझरकडे रजेचा अर्ज टाक आणि पोच घे.

आपल्या शहरातल्या नागसेनवनातलं मिलिंद महाविद्यालय बाबासाहेबांनी 1950 मध्ये सुरू केलं, 1958 मध्ये इथे विद्यापीठ आलं. त्याआधी मराठवाड्यातल्या पोरांना पदवीसाठी हैदराबादकडे बघावं लागे. तुला तेवढं लांब जायचं नाही.

दहावीचं प्रमाणपत्र, बारावीची गुणपत्रिका, आधार आणि लग्नाचं प्रमाणपत्र घेऊन ये, नावं आपण दोघं मिळून ताडू आणि मग केंद्रावर जाऊ. गुरुवारी येऊ नकोस, छावणीचा बाजार असतो आणि रस्ता तुंबतो.