हाडाची मुदत

सोलापूर

चि. सुमेधास,

पदव्युत्तर शिक्षण पुरे करून सोलापुरातच दवाखाना थाटण्याचा तुझा मानस वाचून फार समाधान वाटले. दाताच्या इम्प्लांटसाठी हाडात जागा करताना साधे ड्रिल, हाड बाजूला दाबणारे ऑस्टिओटोम की कंपनांनी कापणारे पिएझो, हा तुझा प्रश्न रास्त आहे; परंतु त्याचे उत्तर यंत्रांच्या सूचिपत्रात न शोधता हाडाच्या स्वभावात शोधावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

स्वीडनमधील ब्रोनेमार्क यांना सशाच्या पायात बसविलेले टायटॅनियम हाडाशी एकजीव झालेले आढळले आणि १९६५ साली त्यांनी पहिल्या रुग्णाच्या जबड्यात तसे स्क्रू बसविले, हे तू शिकलीच आहेस. त्यांच्याच परंपरेतील एरिकसन आणि अल्ब्रेक्टसन यांनी १९८३ साली सशांवरील प्रयोगांतून दाखविले, की ४७ अंश सेल्सिअस उष्णता एक मिनिटभर जरी लागली तरी हाडाची भरून येण्याची शक्ती खालावते. खालच्या जबड्याच्या पुढच्या भागातील हाड घट्ट असते. तेथे बोथट ड्रिल जोराने दाबून धरले, तर वरून सलाईनची धार चालू असूनही ती तळाशी पोहोचत नाही. म्हणून ड्रिल वारंवार वर घ्यावे, खाचांत साठलेला भुगा पुसावा आणि मगच पुन्हा आत जावे.

वरच्या जबड्याच्या मागील मऊ हाडात ऑस्टिओटोमने हाड बाजूला दाबले असता स्क्रू प्रथम छान आवळून बसतो, परंतु त्या दाबाने हाडातील नाजूक तुळया मोडतात आणि शरीराला आधी त्यांचा निचरा करावा लागतो. पिएझो नसेसारखा मऊ भाग सांभाळून हाड कापते, मात्र सावकाश. स्थिरतेत त्याच्या बाजूने आरंभी दिसणारा फरक पुढे बहुधा उरत नाही.

पद्धत कोणतीही असो, बसविल्या दिवशीचा घट्टपणा हा जुन्या हाडाच्या पकडीचा असतो. ती पकड झिजत जाते, नवे विणीव हाड अद्याप कोवळे असते, आणि साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात स्क्रूची स्थिरता सर्वांत कमी भरते. नेमका त्याच सुमारास रुग्ण सूज उतरलेली, दुखणे थांबलेले, अशा प्रसन्न स्थितीत येतो आणि ‘डॉक्टर, आता कॅप बसवा’ म्हणून तगादा लावतो. आपल्या गावात तर शेंगाचटणी आणि कडक भाकरी हे नित्याचे अन्न! मुदत संपेपर्यंत त्यावर कडक काही चावायचे नाही, असे त्याला स्पष्ट बजाव, आणि ती सूचना केसपेपरवर लिहून त्याची सही घे. कॅप बसविण्याआधी खालच्या जबड्यात तीन महिने व वरच्यात सहा थांबायचे, ही जुनी मुदत आजच्या खरबरीत पृष्ठभागांमुळे आखूड झाली आहे खरी; तरी पहिली काही वर्षे तू तीच पाळावीस.

हाड भरून येण्यात आडकाठी करणाऱ्या तंबाखू, मिश्री आणि विडी यांची चौकशी संकोच न बाळगता कर. विडी वळणाऱ्या कित्येक स्त्रियांची बोटे दिवसभर त्या पानातंबाखूतच असतात, पण मिश्री लावतेस का, असे विचारल्यावाचून त्या आपण होऊन सांगत नाहीत. तसेच रक्तातील साखरेचा तीन महिन्यांचा अहवाल पाहिल्याशिवाय शस्त्रक्रियेची तारीख देऊ नकोस.

गड्ड्याच्या यात्रेला येशील तेव्हा माझ्या दफ्तरातील जुनी क्ष-किरण चित्रे काढून ठेवतो. कडेचे हाड वर्षागणिक किती उतरले, हे स्क्रूच्या आट्यांवरून कसे मोजावे, ते समोर बसून दाखवीन.

तुझा,
काका