दात घासणे अर्धवटच राहते

प्रश्न : मुलगा ९ वर्षांचा, ऑटिझम आणि एडीएचडी दोन्ही. दात घासणे, कपडे घालणे रोज अर्धवट. काय करू?
– एक आई, पोलादपूर

उत्तर : ताई, हा आळस नव्हे. ऑटिझममुळे त्याला ठरलेला क्रम हवा असतो आणि एडीएचडीमुळे तोच मध्येच निसटतो. क्रमाची चित्रे मोरीजवळ लावा. एका वेळी एकच काम शिकवा. सुरुवातीला बाकीचे तुम्ही करा, शेवटची पायरी त्याला करू द्या. काम पुरे केल्याचा आनंद त्याला मिळतो. पेस्टची चव, ओल्या रेनकोटचा स्पर्श त्याला खरोखरच सोसत नसेल, तर वस्तू बदला. महाड-पोलादपूरच्या पावसाळ्यात हे फार महत्त्वाचे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझमचा समावेश आहे. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र काढून राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ आरोग्य विम्यासाठी अर्ज जरूर करा; त्यात थेरपीचा खर्चही येतो.