सारथ्याची सेवा : नोकरदार साधकांच्या गटाला सोबत कशी करावी?

॥ श्रीसद्गुरवे नमः ॥



आपल्या इंदूर केंद्रात नोकरदार साधकांचे छोटे गट चालतात, हे आपण जाणताच. एका गटात पाच-सहा जण. कुणी डॉक्टर, कुणी सीए, कुणी बँकेत, तर कुणी सुपर कॉरिडॉरवरच्या आयटी कंपनीत. पंधरा दिवसांतून एका रविवारी सकाळी दीड तास बसायचं, मग पोहे-जिलबी. प्रत्येक गटासोबत आम्हां सेवेकऱ्यांपैकी एक मार्गदर्शक असते. नवीन मार्गदर्शकांसाठी, आणि ज्यांची मुलं-सुना या गटांत आहेत त्या घरांसाठीही, आजचा पाठ.

आम्हां गृहिणींना पहिली शंका हीच येते, की यांच्या ऑफिसातलं आपल्याला काय कळतं? आपण काय सांगणार? याचं उत्तर भगवद्गीतेत आहे. अर्जुन पेशाने योद्धा. त्याची अडचण अरण्यात नाही, ऐन कामाच्या जागी उभी राहिली. आणि भगवंत होते सारथी. रथ त्यांनी नेमक्या जागी नेऊन उभा केला, पण धनुष्य हातात घेतलं नाही. आपलं कामही तेवढंच.

*1. आधी ऐकून घ्यावे.*
पहिला अध्याय नीट पाहा. त्यात भगवंत जवळजवळ बोलतच नाहीत. 25 व्या श्लोकात फक्त “हे जमलेले कौरव पाहा” एवढंच. दोघांच्या संवादात बाकी सगळं अर्जुन बोलतो. दुसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीला दोन श्लोकांत ते त्याला खडसावतात खरं, पण उपदेश सुरू होतो 11 व्या श्लोकापासून. म्हणजे 7 व्या श्लोकात अर्जुन “मी तुझा शिष्य, मला सांग” असं म्हणाला, त्यानंतर! न मागता दिलेला सल्ला पालथ्या घड्यावर पाणी.

*2. अडचण खरी आहे हे मान्य करावे.*
सहाव्या अध्यायात अर्जुन म्हणतो, मन वाऱ्यासारखं आहे, आवरत नाही. भगवंत “एवढं काय त्यात?” म्हणत नाहीत. 35 व्या श्लोकात आधी कबूल करतात की मन चंचल आहे यात शंका नाही, आणि मगच अभ्यास व वैराग्य हा उपाय सांगतात. “आमच्या वेळी असं नव्हतं” हे वाक्य मार्गदर्शकाने घरी ठेवून यावे.

*3. निर्णय त्याचा त्याला घेऊ द्यावा.*
एका साधकाच्या परवानगीने, नाव न घेता सांगत आहोत. टीममधली माणसं कमी झाली, काम मात्र तेवढंच राहिलं. रात्री अकरापर्यंत कॉल. “राजीनामा टाकू का?” असं त्याने विचारलं. घराचा हप्ता चालू, आई-वडील सोबत. “दे” म्हणणं सोपं आणि “सोसून घे” म्हणणंही सोपं. आम्ही त्याला एका कागदावर चार गोष्टी लिहायला सांगितल्या : महिन्याचा खर्च, गाठीची शिल्लक, नोटीसचा काळ, आणि वरिष्ठांशी अजून काय बोलणं राहिलंय ते. गटातल्या सीए साधकाने आकडे तपासून दिले. पुढे त्याने काय ठरवलं, ते सांगायची परवानगी आम्ही मागितलेली नाही. भगवंतांनीही 18 व्या अध्यायाच्या 63 व्या श्लोकात, सगळं सांगून झाल्यावर, “पूर्ण विचार कर आणि तुला वाटेल तसं कर” असंच म्हटलंय.

*4. गटातलं गटातच राहावे.*
आपला समाज लहान, सगळे एकमेकांच्या ओळखीचे. मंगळागौरीत, लग्नात आई हळूच विचारते, “आमचा हल्ली गप्प असतो, तुमच्याकडे काही बोलला का हो?” तिची काळजी खरी असते. तरीही आम्ही सांगत नाही. एवढंच म्हणतो, “वहिनी, तुम्हीच विचारा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा.” एक गोष्ट बाहेर गेली तर त्या गटात पुन्हा कुणी मोकळं बोलणार नाही.

याला अपवाद एकच. कुणी जगण्याचाच कंटाळा आल्याचं बोललं, तर तिथे मार्गदर्शकाने एकटीने सांभाळत बसू नये. त्याला एकटं सोडू नये, घरच्यांना आणि डॉक्टरांना लगेच सामील करावं. सरकारची टेली-मानस सेवा 14416 या नंबरवर चोवीस तास विनाशुल्क आहे. नामस्मरण हवंच, पण औषधाच्या जागी नव्हे, औषधासोबत.

*या आठवड्याचा अभ्यास :* घरात सगळ्यांनी मिळून सहाव्या अध्यायाचे 33 ते 36 हे श्लोक अर्थासह वाचावे. मग घरातल्या नोकरी करणाऱ्या एकाला दहा मिनिटं बोलू द्यावं. बाकीच्यांनी फक्त ऐकावं, मध्ये बोलू नये. सल्ला अजिबात नको! जमतं का ते पाहा. वाटतं त्यापेक्षा अवघड आहे.

॥ श्रीसद्गुरुचरणार्पणमस्तु ॥